परदेशी राष्ट्रीय एअरलाइनला वीस कॅप्टन हवेत. इंदूरहून पाठवता येतील का?

आमच्या लोकमान्य नगरातला अभय आखाती देशांत हॉटेलचे शेफ आणि एसी टेक्निशियन पाठवतो. पलासियाला छोटं ऑफिस, सरकारी नोंदणी, काम चोख. मागच्या आठवड्यात त्याला एका आफ्रिकी देशाच्या राष्ट्रीय विमान कंपनीच्या मध्यस्थाकडून मेल आला: एअरबस ए३२० विमानाचे वीस कॅप्टन, तीन वर्षांचा करार, आठ आठवड्यांत रुजू. तो मेल मला पाठवून त्याने खाली लिहिलं, "मावशी, शेफ पाठवतो तसंच ना हे? शेफची चव बघायची, कॅप्टनचे तास बघायचे. घेऊ का काम?"

मी अकरा वर्षं मुंबईत एका एअरलाइनच्या क्रू शेड्युलिंगमध्ये होते. २००६ पासून करारावरच्या वैमानिकांची भरती करते, आणि गेली बरीच वर्षं ती इंदूरला बसूनच करते. असा प्रश्न विचारणारा अभय पहिला नाही, म्हणून उत्तर जरा ऐसपैस लिहिते.

अभय, काम घे. पण वीस म्हणू नकोस, आणि आठ आठवडे तर मुळीच कबूल करू नकोस. या धंद्यात माणसं मिळतात रे, तारखा मिळत नाहीत.

तुझा शेफ आज राजीनामा देतो आणि महिन्याभरात दोह्याच्या स्वयंपाकघरात उभा असतो. कॅप्टनचं तसं होत नाही. डीजीसीए या आपल्या हवाई वाहतूक नियामकाच्या २०१७ च्या नियमाप्रमाणे भारतीय कंपनीतल्या कॅप्टनला एक वर्षाची आणि फर्स्ट ऑफिसरला, म्हणजे सहवैमानिकाला, सहा महिन्यांची नोटीस द्यावी लागते. कंपनीची मर्जी असेल तर ती लवकर सोडू शकते, पण कॅप्टनचाच तुटवडा असताना कोण उदार होणार? ती एनओसी देत नाही आणि माणूस अडकून पडतो. २०२३ मध्ये अकासा एअरचे काही वैमानिक नोटीस पुरी न करता गेले, तर कंपनी थेट कोर्टात गेली. २०२५ मध्ये तर परदेशी कंपन्या आमची अनुभवी माणसं पळवतात ही तक्रार भारताने आयकाओ या संयुक्त राष्ट्रांच्या हवाई वाहतूक संघटनेपर्यंत नेली. म्हणजे तू ज्या वीस जणांना फोन करशील त्यांतले जे आज भारतात नोकरीत आहेत ते तुला पुढच्या वर्षी मिळतील. आणि "नोटीस बघून घेऊ, तुम्ही चला तर" असं कुणाला चुकूनही सांगू नकोस. त्याचं भारतातलं दार तू बंद करशील आणि तीन वर्षांनी तो परत येईल तेव्हा तुझं नाव घेईल.

मेलमधल्या "रुजू" या शब्दाचाही अर्थ आधी विचारून घे. मध्यस्थाच्या डोक्यात रुजू म्हणजे माणूस त्यांच्या विमानतळावर उतरला तो दिवस. एअरलाइनच्या डोक्यात रुजू म्हणजे तो प्रवासी घेऊन कॅप्टनच्या खुर्चीत बसला तो दिवस. या दोन दिवसांच्या मध्ये त्या देशाची मेडिकल असते, तिथल्या हवाई कायद्याची परीक्षा असते, भारतीय परवान्याला तिथल्या विमान वाहतूक खात्याची मान्यता असते, कंपनीच्या पद्धती शिकवणारा कन्व्हर्जन कोर्स, सिम म्हणजे सिम्युलेटर, मग ट्रेनरबरोबरची प्रत्यक्ष उड्डाणं म्हणजे लाइन फ्लाइंग आणि शेवटी तशाच उड्डाणातली परीक्षा, लाइन चेक. तीन ते पाच महिने सहज जातात. त्यात तिथला परीक्षा घेणारा अधिकारी रजेवर गेला की महिना वाढला.

मग आठ आठवड्यांत निघू शकतील असे कोण? एक म्हणजे बंद पडलेल्या कंपन्यांचे लोक. ऑक्टोबर २०१२ मध्ये किंगफिशर थांबली, १७ एप्रिल २०१९ ला जेटचं शेवटचं विमान उडालं, मे २०२३ मध्ये गो फर्स्ट बसली. तिन्ही वेळा माझा फोन रात्री दोनलाही वाजत होता, आणि नोटीस हा शब्द कुणाच्या तोंडात नव्हता. पण हा माल फार दिवस टिकत नाही. बोलताना मी खरंच "माल" म्हणते आणि कॅप्टन लोक हसतात. प्रत्येक एअरलाइन विचारते, शेवटचं उड्डाण कधीचं? सहा महिन्यांच्या आतलं असेल तर सगळे तयार असतात. वर्ष उलटलं की सिम करून आणा म्हणतात, आणि त्याच्यापुढे गेलं की फाइल उघडत नाहीत. गो फर्स्टच्या एका कॅप्टनने "कंपनी पुन्हा सुरू होईल" म्हणत चौदा महिने वाट पाहिली. पाच हजार तासांचा माणूस, पण हातात चालू असं काहीच उरलं नव्हतं.

दुसरे म्हणजे ज्यांचा परदेशातला करार संपत आला आहे ते. हे सगळ्यांत उत्तम. त्यांना परदेशी मेडिकल, परदेशी परीक्षा, एकटं राहणं, सगळ्याची सवय असते आणि नोटीस बहुधा तीन महिन्यांची. फक्त ते भावात पक्के असतात. तिसरे म्हणजे साठीच्या पुढचे. आयकाओच्या नियमाने दोन वैमानिकांच्या प्रवासी विमानावर पासष्टपर्यंत उडवता येतं. नोव्हेंबर २०१४ च्या आधी एक साठीपुढचा असला तर दुसरा साठीच्या आतला लागायचा, ती अट आता गेली. पण आयकाओने चालतं म्हटलं म्हणून प्रत्येक देश चालवून घेतोच असं नाही, आणि तीन वर्षांच्या करारात बासष्टच्या पुढच्याला बसवलंस तर करार आणि परवाना यांची भांडणं लागतात. साठीनंतर मेडिकल दर सहा महिन्यांनी असते, तीही परदेशात, तिथल्या डॉक्टरसमोर.

ग्वाल्हेरहून मला वर्षाकाठी दोन-तीन फोन येतात. महाराजपुऱ्याच्या हवाई तळावरून निवृत्त झालेले मिराज लढाऊ विमानांचे लोक. उड्डाणाचं कौशल्य पाहायचं तर त्यांच्यापुढे एअरलाइनवाल्यांनी हात जोडावेत. पण मेलमध्ये लिहिलंय "ए३२० वर १००० तास पी-वन", म्हणजे कॅप्टन म्हणून उडवलेले, आणि यांच्याकडे त्या विमानाचे शून्य. त्यांना आधी नागरी परवाना, मग टाइप रेटिंग म्हणजे त्या जातीचं विमान उडवण्याची पात्रता, मग कुठेतरी फर्स्ट ऑफिसर म्हणून सुरुवात. पन्नाशीच्या ग्रुप कॅप्टनला हे फोनवर सांगणं मला अजून जड जातं. एकाने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे तुमच्या हिशेबात मी नवशिका?" मी म्हटलं, माझ्या नाही सर, त्यांच्या एक्सेल शीटच्या.

आता तू म्हणतोस ते "तास बघायचे". ते कसे बघायचे ते सांगते, कारण ऐंशी टक्के नवे एजंट सीव्हीवरचा आकडा बघतात आणि पुढे पाठवतात. सीव्हीवरचा आकडा म्हणजे लग्नाच्या बायोडाटातली उंची.

काही वर्षांपूर्वी भोपाळचे एक कॅप्टन माझ्याकडे आले. कापडी पिशवीत दोन जाड लॉगबुकं. चहा होईपर्यंत मी शेवटच्या पानापासून मागे वाचायला सुरुवात केली. नेहमी मागून वाच. लॉगबुकाच्या प्रत्येक पानाखाली तीन ओळी असतात: या पानाची बेरीज, मागून आणलेली बेरीज, पुढे नेलेली बेरीज. किराणा दुकानाच्या खात्यासारखंच. पुढच्या पानावरची "मागून आणलेली" आणि मागच्या पानावरची "पुढे नेलेली" जुळतात का, एवढंच आधी बघायचं. त्यांच्या जुळत होत्या. शाई सात-सात महिने एकच, अक्षराचा कल एकच. त्याचं मला काही वाटलं नाही. बहुतेक जण रोज लिहीत नाहीत, महिन्याचं रोस्टर छापून घेतात आणि रविवारी बसून उतरवतात. हल्ली तर फोनच्या ॲपमध्येच असतं.

मग मी त्यांच्या कमांडचं पत्र मागितलं. कॅप्टन म्हणून मोकळं सोडल्याची तारीख त्यात असते. पत्रावर तारीख होती ऑगस्टची, आणि लॉगबुकात पी-वनच्या रकान्यात तास सुरू होत होते फेब्रुवारीपासून. त्या सहा महिन्यांत ते डाव्या खुर्चीत होते हे खरं, पण ट्रेनरच्या देखरेखीखाली. ते तास वेगळ्या रकान्यात जातात. त्यांनी सगळे एकाच रकान्यात भरले होते. मी कॅल्क्युलेटरवर वजा केले, २१४ निघाले. सीव्हीवर ए३२० चे पी-वन होते ११३०. उरले ९१६. एअरलाइनला हवे होते १०००.

ते चिडले. "मैडम, इतने में क्या फर्क पड़ता है? सीट तो वही थी।" मी म्हटलं, मला पडत नाही, पण तिथे परवान्याचं खातं तुमच्या कंपनीकडून तासांचं प्रमाणपत्र मागवेल आणि दोन आकडे वेगळे आले की तुम्ही खोटारडे ठराल, चुकलेले नाही ठरणार. ते पिशवी घेऊन निघून गेले. दोन महिन्यांनी पुन्हा आले, रकाने दुरुस्त केलेले, प्रत्येक खाडाखोडीवर सही, आणि पी-वन १०२६. त्यांची निवड झाली. त्यानंतर त्यांनी माझ्याकडे सहा जण पाठवले, सगळे लॉगबुकं आधीच तपासून.

कागद खरे आहेत की नाहीत याबद्दल "आपल्या ओळखीचा आहे" हे उत्तर चालत नाही. २०११ मध्ये आपल्याकडे बनावट गुणपत्रिका देऊन परवाना मिळवल्याची प्रकरणं निघाली होती, अटकाही झाल्या. जून २०२० मध्ये पाकिस्तानच्या विमान वाहतूक मंत्र्यांनी त्यांच्याकडच्या २६२ वैमानिकांचे परवाने संशयास्पद असल्याचं जाहीर केलं, आणि बाहेरच्या देशांत इमानेइतबारे नोकरी करणारे पाकिस्तानी वैमानिकही चौकशी होईपर्यंत घरी बसवले गेले. तेव्हापासून यजमान देशाचं खातं आपल्या खात्याला थेट विचारतं: हा परवाना तुमचाच ना, चालू आहे ना, याच्यावर काही कारवाई आहे का? हे उत्तर येण्यात आठवडे जातात, म्हणून ती विनंती मुलाखतीच्या आधी टाकायची. निवड झाल्यावर नाही. एवढी एक गोष्ट केलीस तरी तू इतर एजंटांच्या महिनाभर पुढे राहशील.

"काही कारवाई आहे का" या प्रश्नाचा अर्थ उमेदवाराला आधी समजावून सांग. आपल्याकडे उड्डाणाआधी श्वासाची चाचणी होते. पहिल्यांदा पॉझिटिव्ह आलं तर तीन महिने परवाना निलंबित. आठ वर्षांपूर्वीची ही घटना माणूस सांगत नाही, "ते तर मिटलं" म्हणतो. मिटलेलं नसतं, नोंदीत असतं. मी सरळ विचारते आणि सांगते की मला आज सांगितलंत तर मी ती गोष्ट तुमच्या बाजूने मांडीन. उद्या त्यांना कळली तर मी तुमच्या बाजूने काहीच मांडू शकत नाही. बहुतेक जण त्याच बैठकीत बोलतात. बरोबर आलेल्या आईला खोलीबाहेर पाठवावं लागतं, एवढंच.

आणखी एक खास इकडची भानगड. महाराष्ट्रातल्या माणसाच्या कागदांवर नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं सरसकट असतं. आपल्या मध्य प्रदेशातल्या मार्कशीटवर नुसतं नाव-आडनाव. पासपोर्ट काढताना वडिलांनी पुण्याच्या चुलत्याचं बघून मधलं नाव घातलेलं असतं, परवान्यावर ते नसतं, आणि आडनावाचं स्पेलिंग तिन्ही ठिकाणी तीन. खेर, खरे, गोरे यांचे तर हालच. व्हिसा ऑफिसात बसलेल्या परदेशी कारकुनाला हे तीन वेगळे इसम वाटतात. नाव एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र पहिल्याच आठवड्यात करून ठेव.

सिमबद्दल थोडक्यात. निवडीची सिम चाचणी एक-दीड तासाची असते आणि ती नेहमीचीच असते: ऑटोपायलट, फ्लाइट डायरेक्टर, ऑटोथ्रस्ट बंद करून हाताने उडवा, टेक-ऑफला ऐन व्ही-वनवर, म्हणजे ज्या वेगानंतर थांबता येत नाही तिथे, एक इंजिन घालवा, एका इंजिनावर अप्रोच, मग गो-अराउंड म्हणजे न उतरता पुन्हा वर. जो रोज सहा सेक्टर ऑटोपायलटवर करतो त्याला पहिली दहा मिनिटं घाम फुटतो. आधी दोन तास सराव केलेला माणूस आणि न केलेला माणूस यांत फरक दिसतो. इंदूरला सिम्युलेटर नाही. गुरुग्राम, बेंगळुरू किंवा हैदराबाद गाठावं लागतं. तो खर्च उमेदवाराने करायचा, पण स्लॉट तू बघून द्यायचा.

आता करार. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण माणसं इथेच भाजतात.

पाच वर्षांपूर्वी सुदामा नगरातल्या एका कॅप्टनच्या बायकोने मला जो प्रश्न विचारला तो मी तेव्हापासून प्रत्येक मेलला पहिलाच विचारते. कॅप्टनसाहेब डॉलरचा आकडा, घरभाडं, मुलांची फी यांवर तासभर बोलत होते. त्या आतून पोहे घेऊन आल्या, बशी ठेवली आणि म्हणाल्या, "ताई, पगार कोणत्या तारखेपासून सुरू होतो?" आम्ही दोघंही गप्प. करार उघडला. पूर्ण पगार लाइन चेक पास झाल्यावर; तोपर्यंत फक्त प्रशिक्षण भत्ता, तोही एक तृतीयांश. मघाशी सांगितलेले तीन ते पाच महिने आठव. तोवर इकडे घराचा हप्ता, तिकडे हॉटेल. त्या बाईंमुळे आम्ही ती अट बदलून घेतली: ९० दिवसांत लाइन चेक झाला नाही आणि उशीर कंपनीचा असेल तर ९१ व्या दिवसापासून पूर्ण पगार. एअरलाइनने फारशी खळखळही केली नाही. कुणी विचारलंच नव्हतं, इतकंच.

रोस्टरचंही तसंच. "सहा आठवडे काम, तीन आठवडे घरी" हे ऐकायला गोड. विचारायचं की तीन आठवडे मोजायचे कुठून? शेवटच्या ड्यूटीपासून की विमानात बसल्यापासून? तिकीट पक्कं की स्टँडबाय? राष्ट्रीय एअरलाइन बहुधा स्वतःचंच तिकीट देते, तेही जागा असेल तर. हंगामात जागा नसते. माझ्या एका कॅप्टनची दिवाळी अशी तिथल्या विमानतळावर गेली. नरकचतुर्दशीला त्याने व्हिडिओ कॉल केला, मागे उद्घोषणा चालू होत्या, आणि इकडे त्याची आई उटण्याची वाटी कॅमेऱ्यासमोर धरून उभी.

रुजू होण्याची तारीख कराच्या दृष्टीनेही बघ. हे एजंट कधी सांगत नाहीत. नोकरीसाठी परदेशी जाणारा भारतीय नागरिक आर्थिक वर्षात १८२ दिवस किंवा जास्त भारतात राहिला तर तो त्या वर्षी इथला निवासी, आणि निवासी म्हटलं की परदेशातला पगारही इथे करपात्र. १ एप्रिलपासून मोजलंस तर २८ सप्टेंबरला १८१ दिवस होतात. म्हणजे जो नोव्हेंबरमध्ये निघाला त्याचा मार्चपर्यंतचा डॉलर पगार इथे कर भरून घरी येणार. जो ऑगस्टमध्ये निघाला आणि दोनदाच घरी आला तो सुटू शकतो. पुढच्या वर्षी सहा-तीनच्या रोस्टरने तो साधारण १२१ दिवस घरी असतो, तेव्हा अडचण कमी. भारतात घरभाडं, शेअर वगैरेचं १५ लाखांच्या वर उत्पन्न असणाऱ्यांना आणखी कडक नियम आहेत, त्यांना सीएकडे पाठव. आपण सल्ला द्यायचा नाही, फक्त तारीख दाखवायची. तेवढ्यावरच दोन जणांनी माझ्याकडे रुजू होण्याची तारीख बदलून मागितली आहे.

मेडिकल गेली तर? एका कॅप्टनला तिथल्या तपासणीत मूत्रपिंडात खडा सापडला. इथे कधी त्रास नव्हता. तात्पुरते अनफिट. करारात लिहिलेलं होतं की आजारपणाचा पगार ३० दिवस, आणि परतीचं तिकीट "करार पूर्ण झाल्यास". म्हणजे आजारी माणसाने स्वतःच्या पैशाने परत यायचं. तो करार मी वाचला होता आणि ते वाक्य माझ्या नजरेतून सुटलं होतं. तिकिटाचे पैसे मी दिले. तेव्हापासून तिकीट, आजारपण आणि परवाना कायमचा गेल्यास मिळणारा विमा, हे तीन परिच्छेद मी मोठ्याने वाचते. मोठ्याने वाचलं की वाक्य लपत नाही.

बॉण्डबद्दल: ज्याचं टाइप रेटिंग आधीच आहे त्याच्याकडून मोठा ट्रेनिंग बॉण्ड (मुदतीआधी सोडल्यास पैसे भरण्याची हमी) घेणारी एअरलाइन त्याला प्रशिक्षण देत नाही, बांधून घेते. रक्कम महिन्यागणिक कमी होत जाणारी असेल तर मान्य कर, नाहीतर भांड.

तुझ्या स्वतःच्या पैशांकडे ये. तुला मेलमध्ये दोन पर्याय दिले आहेत: माणूस पोचवल्यावर एकदाच फी, किंवा माणसं तुझ्या कंपनीच्या करारावर ठेवून दर महिन्याला दर माणशी कमिशन. दुसरा पर्याय बघून तुझे डोळे चमकले असणार. तू पगार देणारा होशील, एअरलाइन तुला पैसे पाठवेल, मधला फरक तुझा. हिशेब कर. दहा कॅप्टन, प्रत्येकी बारा हजार डॉलर धरले तर महिन्याला एक लाख वीस हजार डॉलर. एअरलाइन म्हणते बिल आल्यावर ४५ दिवसांत देऊ. कॅप्टनला पगार महिनाअखेरीस हवा. म्हणजे पहिला डॉलर येण्याआधी तुझ्या खिशातून दोन पगार गेले. मी एकदा हे सहा जणांसाठी केलं. दोन महिने व्यवस्थित, तिसऱ्या महिन्यापासून "बँकेत परकीय चलन उपलब्ध नाही" असा मेल. एअरलाइन लबाड नव्हती. तिच्याकडे त्यांच्या चलनात पैसा होता, देशाकडे डॉलर नव्हते. माझी एफडी मोडली, आणि सगळा पैसा वसूल व्हायला दीड वर्ष लागलं.

राष्ट्रीय एअरलाइन म्हटलं की आपल्याला वाटतं मागे सरकार आहे, पैसा बुडणार नाही. बुडत नाही, पण लटकतो. म्हणून करार करण्याआधी मी आयाटा ही विमान कंपन्यांची जागतिक संघटना वेळोवेळी जाहीर करते ती यादी बघते: कोणत्या देशांत विमान कंपन्यांचे तिकिटांचे पैसे अडकले आहेत. ज्या देशाकडे दुसऱ्याचे डॉलर सोडायला नाहीत त्याच्याकडे माझ्या कॅप्टनचे कुठून असणार? त्याबरोबर युरोपीय संघाची बंदी घातलेल्या कंपन्यांची यादी बघ. नेपाळच्या सगळ्या कंपन्या २०१३ पासून तिच्यात आहेत, शेजारी देश म्हणून आपण गाफील राहतो. आणि आयाटाच्या सुरक्षा तपासणीच्या नोंदवहीत तिचं नाव आहे का तेही. यादीत नाव आहे म्हणून तिथे जाऊच नये असं मी म्हणणार नाही. पण कॅप्टनला सांगून पाठवायचं, कारण त्याची पुढची कंपनी त्याला विचारणार आहे.

तुला कायदा मी काय सांगू, एमिग्रेशन ॲक्टची नोंदणी तुझ्या भिंतीवर फ्रेम करून लावली आहेस. फक्त एक गैरसमज काढते. वैमानिकांचे पासपोर्ट ईसीएनआर असतात, म्हणजे परदेशी नोकरीला जाताना त्यांना सरकारी क्लिअरन्स लागत नाही, म्हणून पुष्कळ जण बिननोंदणीचे हा धंदा करतात. भरती करणाऱ्याला नोंदणी लागतेच, पाठवलेला माणूस सुतार असो की कॅप्टन. आणि कायद्याने तुला उमेदवाराकडून ठरावीक सेवाशुल्क घेता येत असलं तरी कॅप्टनकडून एक रुपयाही घेऊ नकोस. एअरलाइन देते तेवढं पुरतं. ज्या एजंटाने उमेदवाराकडून पैसे घेतले तो त्याच्या करारातल्या वाईट अटी त्याला दाखवत नाही, हे मी नेहमी पाहते.

तुझ्याकडे आता एरोड्रोम रोडवरून मुलंही येतील. फ्लाइंग क्लबमधून नुकतंच २०० तासांचं सीपीएल, म्हणजे व्यावसायिक वैमानिकाचा परवाना, घेतलेली, आईवडिलांनी प्लॉट विकलेला. "परदेशी एअरलाइनमध्ये पैसे भरून पाचशे तास मिळतात म्हणे, काका." त्यांना बसव, पाणी दे, आणि ज्या कंपनीत उडवण्यासाठी वैमानिकालाच पैसे भरावे लागतात तिचं नाव तुझ्या ऑफिसात लिहू नकोस.

आज रात्री त्या मध्यस्थाला एवढंच लिही. वीसऐवजी सहा, पहिली तुकडी चार महिन्यांत उतरेल. नोटीसवर असलेल्यांची दुसरी तुकडी पुढच्या वर्षी. फी एकदाच, माणूस तिथे पोचल्यावर निम्मी आणि लाइन चेकनंतर निम्मी. पगार तुमच्याकडून थेट त्यांच्या खात्यात. पूर्ण पगार कोणत्या तारखेपासून, ते उलट टपाली कळवा. आणि मूळ एअरलाइनचं अधिकारपत्र, तिच्या स्वतःच्या डोमेनवरून. शेवटची अट वाचून तो मेल बंद झाला तर तुझा एक महिना वाचला.

उत्तर आलं तर रविवारी सकाळी ये. पोहे करते, वर घालायचं जिरावण तुझ्या आईकडून आण, आमचं संपलंय. आणि ज्या दोन कॅप्टनशी तू बोललास म्हणतोस, त्यांना नको आणूस, त्यांची लॉगबुकं आण.